ताजें बीट व आपलें स्वयंपाकघर

हिंवाळा सुरू झाला म्हणजे भाजीबाजारांत बिटाच्या जुड्या दिसूं लागतात. गडद तांबडे कंद, त्यांस अद्याप चिकटलेली माती, आणि वर तांबड्या शिरांचीं टवटवीत हिरवीं पानें, असें त्यांचें रूप मोठें मनोहर असतें. परंतु भाव ठरला कीं भाजीवाली एका हिसड्यानें तीं पानें मोडून टाकते, आणि गिऱ्हाईकहि त्याविषयीं कांहीं बोलत नाहीं. घरीं आल्यावर कंदाची साल काढतात, बारीक फोडी करून त्या भरपूर पाण्यांत उकळतात, आणि मग तें लालभडक पाणी मोरींत ओतून देतात. उरलेल्या फिक्या, मऊ फोडी ताटांत आल्या म्हणजे मुलें नाक मुरडतात व आई म्हणते, “खा मुकाट्यानें, रक्त वाढेल!”

मुलांचें म्हणणें असें कीं, बिटास मातीचा वास येतो. आईचें म्हणणें असें कीं, तें रक्त वाढवितें. या वादांत आम्ही मुद्दाम मुलांची बाजू घेत आहों असें पालकांनीं समजूं नये. परंतु शोध करतां असें आढळतें कीं, मुलांची तक्रार अगदीं खरी आहे, आणि आईचें म्हणणें अर्धेंच खरें आहे. त्यांतहि नवल असें कीं, जें अर्धें खरें आहे त्याचा पुष्कळसा भाग बाजारांत मोडून टाकलेल्या पानांबरोबर आणि मोरींत ओतलेल्या पाण्याबरोबर निघून जातो. हें कसें, तें आम्ही येथें सांगणार आहों, आणि त्याबरोबरच बीट घरीं कसें शिजवावें म्हणजे मुलें तें मागून घेतील, हेंहि सांगणार आहों.

बीट हें मूळचें आपल्या देशांतलें नव्हे. भूमध्य समुद्राच्या व पश्चिम युरोपच्या किनाऱ्यांवर खाऱ्या हवेंत एक रानटी झुडूप आजहि उगवतें, तेंच सर्व बिटांचें मूळ. प्राचीन ग्रीक व रोमन लोक त्याचीं पानें भाजीसारखीं खात व मुळें बहुधा औषधांत वापरीत. आपण ओळखतों तो फुगीर कंद युरोपांत पसरला तो सोळाव्या शतकाच्या सुमारास. म्हणजे पान हें या वनस्पतीचें जुनें वैभव, आणि कंद ही मागाहून आलेली संपत्ति होय. वनस्पतिशास्त्रज्ञ बिटास राजगिऱ्याच्या कुलांत घालतात. माठ, चाकवत व चंदनबटवा हे सारे त्याचे कुलबंधु. इतकेंच नव्हे, तर आपल्या बाजारांत पालक म्हणून जी भाजी विकली जाते, तिचे पुष्कळ वाण शास्त्रदृष्ट्या बिटाच्याच जातीचे आहेत. तेव्हां एका जुडीस आदरानें पिशवींत घालावें आणि दुसरीचीं पानें रस्त्यावर टाकावीं, हें म्हणजे दोन सख्ख्या बहिणींपैकीं एकीस पाटावर बसवून दुसरीस उंबऱ्याबाहेर ठेवण्यासारखें आहे.

याच जातीच्या एका पांढऱ्या कंदानें युरोपांत मोठी क्रांति केली. १७४७ सालीं बर्लिन येथील रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ यानें बिटांतील साखर आणि उंसाची साखर या एकच होत असें दाखवून दिलें. पुढें त्याचा शिष्य आखार्ड यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सायलेशियांत बिटापासून साखर काढण्याचा पहिला कारखाना उभारला. आपल्या तांबड्या बिटांत साखर त्या पांढऱ्या बिटाच्या निम्म्याहूनहि कमी, शेंकडा सुमारें सात भाग असते. तरी भाजींत ती चटकन जाणवते, व म्हणूनच बिटाच्या कोणत्याहि पदार्थांत आणखी साखर घालण्यापूर्वीं एकदां चव पाहावी हें बरें.

आतां रक्ताची गोष्ट. रक्त तांबडें, बीट तांबडें. तेव्हां बिटापासून रक्त होणारच, असें हें अनुमान आहे. याच न्यायानें चालल्यास दुधानें रक्त पांढरें व्हावयास पाहिजे. रक्ताचा तांबडेपणा हिमोग्लोबिन नांवाच्या द्रव्यामुळें येतो व त्यांत लोह असतें. बिटाचा तांबडेपणा बीटानिन नांवाच्या निराळ्याच द्रव्यामुळें येतो व त्यांत लोहाचा कणहि नसतो. बिटांत लोह मुळींच नाहीं असें नव्हे. पण शंभर ग्रॅम बिटांत तें एक मिलिग्रॅमहि भरत नाहीं, सुमारें ०.८ मिलिग्रॅम असतें. मोठ्या मुलींस दररोज सुमारें ३० मिलिग्रॅम लोह आहारांतून मिळावें असें आपल्या देशांतील आहारशास्त्रज्ञ सांगतात. केवळ बिटांतून तें मिळवावयाचें म्हटल्यास एका मुलीनें रोज पावणेचार किलो बीट खावें लागेल! हा हिशोब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा.

ही गोष्ट आम्ही थट्टेनें लिहीत असलों तरी तिच्या मागें थट्टेचा विषय नाहीं. २०१९–२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील पंधरा ते एकोणीस वर्षें वयाच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ जणींच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. म्हणजे एखाद्या बाकावर पांच मुली बसल्या असतील तर त्यांतील तिघी. जिना चढतांना धाप लागणें, अभ्यासांत लक्ष न लागणें, सदा थकवा वाटणें, डोळ्याच्या खालच्या पापणीची आंतली बाजू फिकी दिसणें, हीं लक्षणें पुष्कळ घरीं “वाढीचें वय आहे” असें म्हणून सोडून देतात. किंवा आठ दिवस बिटाचा रस पाजतात आणि आपलें कर्तव्य झालें असें मानतात. रस पाजण्यास आमची हरकत नाहीं. परंतु त्या मुलीचें रक्त तपासून घेण्याचें काम रसानें होत नाहीं. शाळांतून आठवड्यास एकदां जी निळी गोळी दिली जाते, तींत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतें. पुष्कळ मुली ती गोळी हळूच दप्तरांत टाकतात, हें आम्हांस ठाऊक आहे. रंगानें निळी असली तरी त्या एका गोळींतलें लोह साडेसात किलो बिटांतील लोहाएवढें आहे. अन्नांतून लोह हवें असेल तर बाजरी, कडधान्यें, अळीव, आणि जे खातात त्यांच्यासाठीं मांस-मासळी, हे अधिक चांगले मार्ग होत. जेवतांना पानांत लिंबाची फोड असावी, आणि जेवणाला लागून चहा घेऊं नये, कारण लिंबानें लोह अंगीं लागण्यास मदत होते व चहानें अडथळा येतो.

मग आईचें म्हणणें अर्धें खरें तें कोणत्या अर्थानें? याचें उत्तर मुंबईंत सांपडतें. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई त्या शहरीं आल्या. तेथें कापड-गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांस गर्भारपणीं एक प्रकारचा घातक पंडुरोग होत असे. नुसत्या लोहानें तो बरा होत नसे. बाईंनीं या स्त्रियांचें राहणें-खाणें बारकाईनें पाहिलें, प्रयोग केले, आणि यीस्टच्या साध्या, स्वस्त अर्कानें रोगी स्त्रिया सुधारतात असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें हें तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. पुढें १९४१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं सुमारें चार टन पालेभाजीपासून तसलेंच एक द्रव्य वेगळें काढलें, आणि पानांतून निघालें म्हणून, पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक ॲसिड हें नांव दिलें. नव्या रक्तपेशी तयार होण्यास हें द्रव्य अवश्य आहे, आणि फोलेट या रूपानें तें बिटांत चांगलें असतें. शंभर ग्रॅम कच्च्या बिटांत तें सुमारें १०९ मायक्रोग्रॅम असतें; मोठ्या मुलीच्या दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा तेवढ्यानें सहज भागतो. तेव्हां बिटाचा आणि रक्ताचा संबंध आहे खरा, पण तो रंगाचा नाहीं. शिवाय हें द्रव्य पाण्यांत विरघळतें व फार उकळल्यानें नाश पावतें. फोडी करून उकळून पाणी फेंकणाऱ्या घरांत तें पोटांत किती जात असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

खेळाडू विद्यार्थ्यांस आणखी एक गोष्ट ऐकून मौज वाटेल. बिटांत नायट्रेट नांवाचे क्षार विपुल असतात. शरीरांत त्यांपासून रक्तवाहिन्या सैल करणारें एक द्रव्य तयार होतें. इंग्लंडांतील एक्झेटर विद्यापीठांत २००९ सालीं झालेल्या एका लहानशा प्रयोगांत, रोज अर्धा लिटर बिटाचा रस घेणाऱ्या तरुणांस व्यायामांत प्राणवायु थोडा कमी पुरला व ते अधिक वेळ टिकले. तेव्हांपासून धांवणारे व सायकल चालविणारे पुष्कळ लोक शर्यतीपूर्वीं हा रस पितात. परंतु रस पिऊन सरावास रजा देणाऱ्याचा पहिला क्रमांक आल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं.

बिटाचा रंग मोठा मनोरंजक आहे, आणि स्वयंपाकाचें अर्धें रहस्य त्यांतच आहे. जांभूळ, जासवंद, तांबडा कोबी यांचा रंग एका जातीचा. बिटाचा रंग अगदीं निराळ्या जातीचा. तो वनस्पतींच्या थोड्याच कुलांत आढळतो. लाल माठ, कुंपणावरची बोगनवेल, गुलबासाचीं फुलें, फड्या निवडुंगाचीं लाल बोंडें, या सर्वांचे रंग बिटाच्याच घराण्यांतले होत. याचा एक प्रयोग घरीं करावा. बीट किसून त्याचा रस तीन पेल्यांत थोडथोडा घ्यावा व पाणी घालून पातळ करावा. एक पेला तसाच ठेवावा. दुसऱ्यांत लिंबू पिळावें. रंग तांबडाच राहील व अधिक खुलेल. तिसऱ्यांत चुन्याची निवळी घालावी. रंग जांभळट होऊन मग चक्क पिंवळा पडूं लागेल. (हा पेला अर्थातच कोणीं पिऊं नये.)

दुसरा प्रयोग याहून उपयोगाचा आहे. बिटाच्या दोन सारख्या चकत्या कापून नळाखालीं स्वच्छ धुवाव्या. कापतांना एकांत एक वर्तुळें दिसतील. झाडाच्या बुंध्याप्रमाणें तीं वर्षांचीं नव्हेत, एकाच हंगामांत कंद थरांवर थर चढवीत वाढतो त्याचीं तीं होत. एक चकती थंड पाण्यांत व दुसरी चांगल्या कढत पाण्यांत टाकावी. थंड पाणी पुष्कळ वेळ जवळजवळ स्वच्छ राहतें. कढत पाणी पाहतां पाहतां लाल होतें. याचें कारण असें कीं, बिटाच्या प्रत्येक पेशीभोंवतीं एक अतिशय पातळ पडदा असतो. तो शाबूत असेपर्यंत रंग आंत कोंडलेला राहतो. उष्णतेनें पडदा फाटला कीं रंग बाहेर पळतो, आणि त्याच्याबरोबर गोडी, क्षार व फोलेट हीं सारींच पळतात. यावरून शिजविण्याचा मुख्य नियम आपोआप निघतो: बीट शिजण्यापूर्वीं त्यास कोठेंहि कापूं नये.

आतां मुलांची तक्रार. मातीचा जो वास येतो तो धुण्यांत कसूर झाल्यामुळें येतो असें पुष्कळांस वाटतें. पण बीट कितीहि धुतलें तरी तो जात नाहीं. जिओस्मिन नांवाच्या द्रव्याचा तो वास आहे. वळवाची पहिली सर आल्यावर जमिनींतून जो सुगंध उठतो, ज्याचीं वर्णनें कवि करितात, तो मुख्यतः याच द्रव्याचा! मातींतील सूक्ष्म जंतु तें तयार करितात, आणि बीट स्वतःहि तें तयार करितें असें अलीकडील संशोधनावरून दिसतें. मनुष्याचें नाक या द्रव्याच्या बाबतींत फार तीक्ष्ण आहे. त्याचा लवलेशहि कळतो. अंगणांत जो वास हवासा वाटतो तो ताटांत नकोसा वाटावा यांत मुलांचा दोष नाहीं. परंतु यावर उपाय आहे व तो सोपा आहे. एक तर हें द्रव्य सालींत अधिक असतें. शिजल्यावर साल काढून टाकली कीं बराच वास तिच्याबरोबर जातो. दुसरें, आंबटानें तें द्रव्य मोडतें व वासहीन होतें. लिंबू, दहीं, ताक, चिंच, आमसूल, यांपैकीं कांहींतरी बिटास भेटलेंच पाहिजे. ज्या ज्या देशांत बीट आवडीनें खातात तेथें तें आंबटाबरोबरच खातात, हा योगायोग नव्हे.

तेव्हां विकत घेतांना पानांसह बीट घ्यावें. पानें हीं कंदाच्या ताजेपणाची खात्रीची साक्ष आहेत. तीं टवटवीत असलीं तर कंद दोन-तीन दिवसांपूर्वीं जमिनींत होता असें खुशाल समजावें. कंद हातांत जड लागावा, दाबल्यास दबूं नये, आणि फार मोठा नसावा. लिंबाएवढे किंवा लहान संत्र्याएवढे कंद उत्तम. नारळाएवढ्या कंदांत बहुधा दोरे असतात. घरीं आणल्यावर मात्र पानें लगेच वेगळीं करावीं, कारण तीं जोडलेलीं राहिलीं तर कंदांतील ओलावा ओढून घेतात व तो सुरकुततो. कापतांना कंदावर दोन बोटें देंठ राहूं द्यावा आणि खालची शेपटीहि तोडूं नये. पानें ओल्या फडक्यांत गुंडाळून त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं संपवावीं. कंद थंड जागीं आठ-पंधरा दिवस सहज राहतो.

शिजवितांना कंद हातानेंच चोळून धुवावे. घांसणीनें खरवडूं नयेत. कुकरमध्यें खालीं पाणी ठेवून वर जाळीवर किंवा डब्यांत कोरडेच ठेवावे म्हणजे ते वाफेवर शिजतात. लिंबाएवढ्या बिटांस साधारण चार शिट्या पुरतात, मोठ्यांस सहा-सात. साध्या पातेल्यांत झांकण ठेवून उकळावयाचे झाल्यास पाऊण तास तरी लागतो. सुरीचें टोंक अडथळ्याशिवाय आंत गेलें म्हणजे बीट झालें. जेथें अद्याप चूल आहे तेथें याहून चांगली रीति आहे: रताळीं भाजतों त्याप्रमाणें बीट निखाऱ्यांच्या कडेस गरम राखेंत पुरून ठेवावें व तासाभरानें काढावें. असें भाजलेलें बीट ज्यानें खाल्लें नाहीं त्यास बीट म्हणजे काय हें कळलें नाहीं, असें आमचें प्रामाणिक मत आहे. पाण्याचा स्पर्श न झाल्यामुळें त्याची गोडी आटून दुप्पट होते. कोणत्याहि रीतीनें शिजविलें तरी कोमट झाल्यावर अंगठ्यानें दाबतांच साल मोज्यासारखी सुटून येते. मग फोडी कराव्या, आणि त्या गरम असतांनाच मीठ लावून वर अर्धें लिंबू पिळावें. लिंबू आधीं घालूं नये, कारण आंबटांत बीट लवकर मऊ होत नाहीं. एवढ्यानेंच, दुसरें कांहीं न करतां, एक सुंदर तोंडीलावणें तयार होतें, आणि मातीचा वास कोठल्या कोठें गेलेला असतो.

आमच्या मतें बिटाचा सर्वांत उत्तम पदार्थ म्हणजे कोशिंबीर. चार माणसांस दोन मध्यम बिटें घ्यावीं. कच्चीं किसून घेतल्यास कोशिंबीर कुरकुरीत होते. ज्यांस वासाची शंका वाटते त्यांनीं शिजवून किसावीं. एक वाटी घट्ट दहीं, दोन चमचे भाजलेल्या दाण्यांचें कूट, बारीक चिरलेली कोथिंबीर, आणि वर तुपाची जिरें, हिंग व हिरवी मिरची यांची फोडणी. बस्स, साखर नको. मीठ मात्र अगदीं वाढण्याच्या वेळीं घालावें, नाहींतर कीस पाणी सोडतो व कोशिंबिरीचें सार होतें. पानाच्या डाव्या बाजूस ही गुलाबी कोशिंबीर पडली कीं आजवर बीट न खाणारीं मुलेंहि रंगाच्या मोहानें बोट बुडवितात, असा आमचा अनुभव आहे.

पानांची भाजी चाकवताप्रमाणें करावी. देंठ वेगळे चिरून आधीं शिजत घालावे, कारण ते दांडगे असतात, पानें मागाहून. मूठभर भिजविलेली हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे वेगळे शिजवून घ्यावे. सर्व एकत्र घोंटून, दोन वाट्या ताकांत दोन चमचे बेसन कालवून तें त्यांत घालावें, आणि एक उकळी आली कीं लसूण, मोहरी, हिंग व सुक्या मिरचीची खमंग फोडणी द्यावी. या भाजीबरोबर बाजरीची भाकरी असावी. पानांत लोह कंदाच्या तिपटीएवढें असलें तरी त्यांत ऑक्झॅलिक ॲसिडहि पुष्कळ असतें, आणि तें लोह अंगीं लागूं देत नाहीं. म्हणून पानांकडूनहि आम्ही भलती अपेक्षा ठेवीत नाहीं. ताकांतील चुना त्या ॲसिडास पोटांतच बांधून टाकतो व तें अंगांत भिनूं देत नाहीं. असल्या भाज्या ताकांत शिजविण्याची आपल्या आजीबाईंची पद्धत किती समंजस होती हें यावरून दिसेल.

बाकीच्या पदार्थांविषयीं थोडक्यांतच सांगतों. किसलेलें बीट थालीपिठाच्या भाजणींत मळून घालावें. मुलांस तें बीट आहे असें सांगण्याची गरज नाहीं. उडदाची डाळ, कढीलिंब व ओलें खोबरें घालून केलेली कोरडी भाजी दक्षिणेकडे घरोघर होते. कलकत्त्याच्या व्हेजिटेबल चॉपमध्यें बीट हाच प्राण. मुंबईच्या रस्त्यांवरील सँडविचांत काकडी, बटाटा व हिरवी चटणी यांच्याबरोबर शिजविलेल्या बिटाची चकती असते. ती काढून टाकणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत, पण ती चकती नसली तर तें सँडविच लंगडें पडतें. युक्रेन देशांत बिटाचें आंबट सार करितात, त्यास बोर्श म्हणतात. तेथील लोकांस तें इतकें प्रिय आहे कीं, युद्धानें देश होरपळत असतां २०२२ सालीं युनेस्को या संस्थेनें बोर्श करण्याच्या परंपरेची, तातडीनें जपण्याजोगा सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. बिटाचा हलवाहि पुष्कळ करितात. तो आम्हांस रुचत नाहीं. मुळांतच गोड असलेल्या कंदास साखरेंत बुडवून, दुधांत तासभर आटवून तपकिरी करण्यांत काय साधतें, हें गाजराचा हलवा जवळ असतां आम्हांस उमगत नाहीं. ज्यांस करावयाचाच असेल त्यांनीं कीस तुपावर चांगला परतून दुधाऐवजीं खवा घालावा, म्हणजे आटवण्याचा वेळ वांचतो व रंग थोडा तरी राहतो.

दोन-तीन सूचना पालकांसाठीं आहेत. बीट खाल्ल्यावर कांहीं जणांस, सुमारें दहांतून एकास, लघवी गुलाबी किंवा लाल होते. शौचासहि लाली येते. मुलें घाबरतात व कधीं आईबापहि घाबरतात. बिटाचा रंग न मोडतां बाहेर पडतो एवढाच त्याचा अर्थ असून एक-दोन दिवसांत तें आपोआप थांबतें. बीट खाल्लें नसतां लघवी लाल झाली तर मात्र त्वरित डॉक्टरांकडे जावें. ज्यांस मूतखड्याचा विकार आहे त्यांनीं बीट, व विशेषतः पानें, डॉक्टरांस विचारून खावीं. सहा महिन्यांच्या आंतील बालकांस बिटाचा रस मुळींच देऊं नये. कपड्यांवर डाग पडला तर लगेच थंड पाण्याखालीं धरावा व धुवून उन्हांत वाळवावा. हा रंग उन्हास टिकत नाहीं. हाताचे डाग लिंबाच्या सालीवर मीठ घेऊन चोळल्यास जातात.

ताजीं पानें बाजारांत मिळतच नाहींत अशी ज्यांची अडचण आहे त्यांनीं बीट घरीं लावावें. परसूं नसलें तरी वीतभर खोलीची कुंडी किंवा जुनें घमेलें पुरतें. बुडाशीं भोंकें मात्र असावीं. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत बीं पेरावें. तें दिसावयास खडबडीत व एकसंध असतें, परंतु तें बहुधा एक बीं नसून कित्येक बियांचा चिकटलेला झुपका असतो. रात्रभर पाण्यांत भिजवून पेरल्यास लवकर उगवतो, आणि एकाच जागीं दोन-तीन रोपें वर आलेलीं पाहून मुलांस मोठी गंमत वाटते. सुमारें दोन-अडीच महिन्यांत कंद मुठीएवढा होतो. पण तीं सगळीं रोपें तशींच दाटीवाटीनें राहूं दिलीं तर एकाचाहि कंद धरत नाहीं. रोपें चार बोटें उंच झालीं कीं चार-चार इंचांवर एकेक बळकट रोप ठेवून बाकीचीं हलक्या हातानें उपटून घ्यावीं. उपटलेलीं रोपें टाकूं नयेत. त्यांचीं कोंवळीं पानें धुवून, लिंबू व मीठ लावून, त्याच दिवशींच्या कोशिंबिरींत घालावीं.